आयईपीवर सही करण्याआधी (स्पेशल शाळा आणि आपण पालक)

गोदाकाठची | ३ जुलै, रात्री ११.४०

मुलं झोपल्यावर लिहितेय, विस्कळीत झालं तर सांभाळून घ्या.

माझा धाकटा १२ वर्षांचा आहे, डाउन सिंड्रोम. पाच वर्षं झाली स्पेशल शाळेत जातोय. शाळा वाईट नाही. बाई मायाळू आहेत, डब्याचं झाकण त्याचं त्यालाच उघडायला लावतात, गाडी वेळेवर येते. त्यामुळे हा तक्रारीचा धागा नाही. निदान पुरता तक्रारीचा नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की पालकांना बोलावतात. टेबलावर आयईपी भरून तयार असतो, म्हणजे वर्षभर याला काय काय शिकवायचं त्याचा कागद. खाली 'पालकांची सही'पुढे पेन्सिलीने फुली मारलेली असते. पाच वर्षं मी त्या फुलीवर सही करत आले. यंदा माझ्यापुढे सहाजणी होत्या, म्हणून बसल्याबसल्या गेल्या वर्षीचा कागद वाचला. 'नळ उघडून हात धुतो व नळ बंद करतो' यापुढे बरोबरची खूण आणि शेरा: साध्य.

आता आमच्या घरची गोष्ट ऐका. आमच्या भागात एक दिवसाआड पाणी येतं, तेही पहाटे पाऊण तास. एरवी पिंप आणि तांब्या. हा शाळेतून आला की मोरीत जातो, नळ सोडतो आणि हात पुढे करून उभा राहतो. पाणी येत नाही. रडत नाही, ओरडत नाही, मी हाक मारेपर्यंत तसाच उभा. घरात आम्ही सगळे धरून चाललो होतो की याला अजून हात धुता येत नाहीत. शाळेच्या लेखी येतात. आधी मला हसूच आलं. घरी येताना रिक्षात मात्र रडले.

बाईंना म्हटलं, तांब्याने शिकवता येईल का? त्या म्हणाल्या, "ताई, फॉर्ममध्ये तसा रकाना नाही हो. पुढच्या वर्षी बघू." मागे रांग होती. मी सही केली.

तर विचारायचं हे होतं की, शाळेत काय शिकवायचं ते ठरवताना तुम्हाला कुणी विचारतं का? विचारत असतील तर नेमकं कसं?

रानभैरी | ४ जुलै, सकाळी ७.०५

आमच्याकडे बुटाची नाडी. तीन वर्षं तेच ध्येय. पोरगी बारा महिने चप्पल घालते. +१

स्पष्टवक्ता | ४ जुलै, सकाळी ९.२०

शिक्षणहक्क कायद्यात (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश पालक असावेत असं आहे, त्यात निम्म्या स्त्रिया. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातही प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याचा सहभाग आणि प्रगती यावर लक्ष ठेवायला सांगितलंय. कायद्यावर बोट ठेवा, सरळ होतात.

गोदाकाठची | ४ जुलै, सकाळी ९.४५

@स्पष्टवक्ता, कायदा वाचलाय. पण त्याच बाईंच्या हातात पोरगं रोज पाच तास असतं. बोट ठेवायचं कुठे आणि हात जोडायचे कुठे, हे आम्हाला रोज तोलावं लागतं.

खडूफळा | ४ जुलै, रात्री १०.१५

मी टेबलाच्या पलीकडची. १९ वर्षं बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकवतेय. बाईंची बाजू मांडते, मग बाईंना दोन शब्दही सुनावते.

जूनमध्ये माझ्या वर्गाचे १४ आयईपी भरायचे असतात. एमडीपीएस म्हणून तपासणी सूची आहे. १८ क्षेत्रं, प्रत्येकात २० बाबी, म्हणजे एका मुलाच्या ३६० खुणा. जेवण, कपडे, संडास, बोलणं, पैसे, वेळ, घरकाम, सगळं त्यात येतं. १४ मुलांचं करा गणित. त्यात गॅदरिंग, तपासणी, ऑनलाइन माहिती भरणं, दोन मुलांना फिट्स. मग काय होतं, गेल्या वर्षीचा कागद समोर ठेवून पुढची ओळ उचलायची. हे योग्य नाही, पण होतं असंच.

पालकसभेला १४पैकी पाच-सहा येतात. त्यातल्या दोन आज्या, त्यांना घरात कोण विचारत नाही. जे येतात त्यांना "काय शिकवू?" म्हटलं की उत्तर ठरलेलं: "लिहायवाचायला शिकवा", "निदान नाव लिहू दे". कितीतरी वर्षं मी मनात म्हणायचे, यांना वस्तुस्थिती कळत नाही. नंतर कळलं की चूक माझ्या प्रश्नात होती. "काय शिकवू" हा शिक्षकी प्रश्न आहे, त्याला उत्तरही शिक्षकी मिळणार. आई-बाप आपल्याला शाळेत जे मिळालं तेच मागतात.

आता मी विचारते, "कालचा दिवस सांगा. हा उठला कधी, उठवलं कुणी, मग काय केलं?" एवढंच. दुपारी दोनपर्यंत पोचतो तोवर माझं पान भरतं. एका बाई सांगत होत्या की मुलगी उठली की आधी शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन बसते, त्या तिला चहा देतात. मी बिस्किटाचे पुडे मोजायला शिकवत होते. त्या आठवड्यापासून आम्ही कपबशी न सांडता परत नेऊन देणं घेतलं. काकूच अर्धं शिकवून मोकळ्या झाल्या.

'रकाना नाही' हे मात्र पटलं नाही. सूचीतली बाब म्हणजे 'हात धुणे'. ते नळाने, तांब्याने की हातपंपावर, हे ठरवायची मोकळीक शिक्षकालाच असते. मुंबईच्या जय वकील संस्थेने तयार केलेला दिशा अभ्यासक्रम आता राज्यातल्या स्पेशल शाळांत आलाय. तो असो की जुनी सूची असो, तांब्या कुणी अडवत नाही. बाईंना सांगा खडूफळाने निरोप दिलाय. नको, माझं नाव नका घेऊ. :)

तापीथडी | ५ जुलै, दुपारी १.३०

आमचं गाव चाळीसगावपासून आत आहे. शाळा तालुक्याला. एसटीच्या तिकिटात सवलत आहे, बुडालेल्या रोजाला नाही. मॅडम, १४पैकी पाचच येतात म्हणता, बाकीचे नऊ कापूस निंदत असतात हेही लिहा.

आमच्या पोराचा किस्सा सांगतो. घरात आम्ही अहिराणी बोलतो. शाळेचा शेरा आला, 'सूचना समजत नाहीत'. मी जाऊन वर्गाबाहेर उभा राहिलो. मॅडम म्हणताहेत "इकडे ये, इकडे ये", हा ढिम्म. मी दारातून "आठे ये" म्हटलं, धावत आला. आठे म्हणजे इकडे. गंमत पुढेच आहे. हा हाताने जमीन दाखवून "आठे, आठे" म्हणायचा, म्हणजे इथे बसा. आणि प्रगतिपुस्तकात लिहिलेलं: 'संख्या ८ उच्चारतो'.

मॅडम चांगल्या आहेत, हसल्या, मग त्यांनी वहीत आमचे २०-२५ शब्द लिहून घेतले. तेवढ्यासाठी मला रोज बुडवून जावं लागलं. फोनवर विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

खडूफळा | ५ जुलै, दुपारी ३.००

तापीथडी, मान्य. हा 'आठे' मी आमच्या स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिणार आहे.

मोकळे_चार_तास | ५ जुलै, रात्री ११.५५

सगळे छान छान लिहिताय म्हणून वाईटपणा मी घेते.

माझ्या मुलीला ऑटिझम आहे, १५ वर्षांची. रात्री दोनला उठते. घरात सासरे अंथरुणावर. नवरा फिरतीवर. शाळेची गाडी दहाला नेते, दोनला आणते. त्या चार तासांत मी स्वयंपाक करते, सासऱ्यांना आंघोळ घालते आणि २० मिनिटं नुसती बसते. मागच्या वर्षी शाळेने 'पालक सहभाग' सुरू केला. सोमवारी आईने वर्गात बसायचं, गुरुवारी साहित्य बनवायचं, घरी रोज अर्धा तास सराव घेऊन फोटो ग्रुपवर टाकायचे. फोटो नाही टाकला की ग्रुपवर 'कृपया सहकार्य करावे'. सहभाग म्हणायचं आणि शाळेचं काम घरी पाठवायचं! काय शिकवायचं ते मला विचारलं नाहीच. ठरवलं त्यांनी, राबायचं मी. बाबा-लोक त्या ग्रुपमध्ये अंगठा दाखवण्यापुरते.

मला विचारायचंच असेल तर रात्रीच्या झोपेचं विचारा. माझं एकच ध्येय आहे आणि ते कुठल्याच कागदावर नाही.

गोदाकाठची | ६ जुलै, सकाळी ६.१०

मोकळे_चार_तास, वाईटपणा कसला. तुझी पोस्ट दोनदा वाचली.

खडूफळा | ६ जुलै, सकाळी ८.३०

हे आम्ही करतो. फोटोंचं तर आम्हीच करतो, कारण वर दाखवायला फोटो लागतात. झोपेचं म्हणाल तर ते शाळेचंच काम आहे. दुपारी वर्गात मुलगी झोपते का, किती वेळ, तिला खेळायला-पळायला कितपत मिळतं, हे शाळेलाच माहीत असतं. दोन आठवडे शाळेने दिवसाची नोंद ठेवायची, घरी फक्त झोपायची-उठायची वेळ. ती वही घेऊन डॉक्टरांकडे गेलात तर बोलण्याला आधार मिळतो. मागून बघा. फोटो टाकू नका, मी सांगते.

दिल्लीच्या अॅक्शन फॉर ऑटिझममध्ये (एका आईनेच १९९१मध्ये सुरू केलेली संस्था) आई किंवा वडील मुलाबरोबर तीन महिने शिकायला बसतात. फार चांगला उपक्रम आहे. पण त्यासाठी माणूस तीन महिने मोकळा लागतो, आणि तो सहसा कोण असतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

लेस्टरकर | ६ जुलै, दुपारी ४.२०

इंग्लंडमधून. इथे २०१४च्या कायद्यापासून ईएचसी (एज्युकेशन, हेल्थ अँड केअर) प्लॅन असतो, मुलाला काय मदत द्यायची त्याचा कागद. त्याचा पहिलाच भाग, सेक्शन ए, मुलाचं आणि पालकांचं म्हणणं असा आहे. दर वर्षी आढावा, पटलं नाही तर ट्रिब्युनल. मी सेक्शन ए दोन रात्री जागून लिहिला. मुलाला गणपतीची आरती आवडते, टाळ वाजवतो, आजीशी व्हिडिओवर बोलतो, सगळं लिहिलं. पुढे सेक्शन एफमध्ये, म्हणजे शाळा काय देणार तिथे, यातलं एक अक्षर नाही. 'गरजेनुसार', 'संधी उपलब्ध करून दिली जाईल' अशी गुळमुळीत वाक्यं. आठवड्यातून किती वेळा, किती मिनिटं, कोण, असं लिहून घेतल्याशिवाय त्या कागदाला दात नसतात, हे शिकायला मला दोन वर्षं लागली.

आणि भाषेबद्दल, तापीथडी, हात द्या. आम्हाला एका थेरपिस्टने सांगितलं होतं, घरी फक्त इंग्लिश बोला, दोन भाषांनी तो गोंधळेल. आम्ही मराठी बंद केली. आजीचा फोन आला की तो स्क्रीनकडे बघून गप्प. आता इथलेच तज्ज्ञ सांगतात की घरची भाषा सोडू नका. पण ती दोन वर्षं आणि आजी, दोन्ही गेलं.

बोटांची_भाषा | ६ जुलै, रात्री ९.००

कर्णबधिर मुलीची आई. आमची गोष्ट उलटी. शाळेत मुली आपापसांत भराभरा खुणा करतात, घरी आम्ही मुके. आम्हा आयांनी शाळेकडे मागितलं की आमच्या मुलींना नंतर शिकवा, आधी आम्हाला शिकवा. शनिवारी दोन तास आता वर्ग असतो, शिकवते शाळेची माजी विद्यार्थिनी, स्वतः कर्णबधिर. पहिल्या दिवशी तिने प्रत्येकीला घरातल्या माणसांची खूण विचारली. माझ्या लेकीने तिच्या आजीला खूण ठेवलीये, नाकावर बोट आणि मग नाक मुरडायचं. तपकीर! सासूबाईंना सांगितलेलं नाही.

चाकांवरचा | ७ जुलै, सकाळी १०.४०

शांतपणे वाचत होतो. सगळे 'पालकांना विचारा' म्हणताय. ज्याच्यासाठी हा कागद असतो तो कुठे आहे?

मी ३४ वर्षांचा, सेरेब्रल पाल्सी, दहावीपर्यंत स्पेशल शाळेत. माझे आईबाबा आणि शाळा यांचं फार जमायचं. दर महिन्याला भेट, डायरीत पानंच्या पानं. दोघांनी मिळून ठरवलं की याला चालता यायला हवं. झालं, गणिताचा अर्धा तास मी पॅरलल बारमध्ये, म्हणजे दोन दांड्यांना धरून चालायचा सराव. मला व्हीलचेअर हवी होती, मधल्या सुट्टीत मैदानापर्यंत जायला. वॉकर घेऊन मी पायरीपर्यंत पोचेस्तोवर घंटा व्हायची. "खुर्चीत बसलास की कायमचा बसशील" हे वाक्य आई, बाबा, फिजिओ आणि मुख्याध्यापक, चौघांच्या तोंडून ऐकलंय. खुर्ची मिळाली कॉलेजात, तीही भांडून. कायमचा बसलो हे खरं. नोकरीला लागलो, लोकलने जातो, हेही खरं.

राग नाही. आईबाबांनी जिवाचं रान केलं. ते आणि शाळा दोघं एकमेकांना विचारत होते आणि मी मध्ये खांबाला धरून उभा होतो.

गोदाकाठची | ७ जुलै, सकाळी ११.३०

@चाकांवरचा, हे लागलं. पण माझा बोलतो मोजके दहा शब्द. त्याला विचारू कसं?

चाकांवरचा | ७ जुलै, दुपारी १२.१०

त्याच्या दिवसातल्या गोष्टींचे फोटो काढा. छापा. टेबलावर पसरा आणि तुम्ही गप्प बसा. उचलेल तो बघा, ढकलेल तोही बघा. एकाच वेळी ठरवून टाकू नका, तीन-चार दिवस वेगवेगळ्या वेळी करा, कारण कधी कधी माणूस जवळचा फोटो उचलतो. मोबाइलवर हवं असेल तर आयआयटी मुंबईचं जेलो नावाचं मोफत अॅप आहे, चित्रांवर बोट ठेवून बोलायचं, मराठीतही. आणि 'नको' म्हणायला शिकवणं हे ध्येय म्हणून लिहा. स्पेशल शाळेत 'नको'ला हट्ट म्हणतात.

धाकटी_बहीण | ७ जुलै, रात्री १०.५०

माझा दादा आता ४१. त्याचे सगळे आयईपी आईने ट्रंकेत जपून ठेवलेत. आई गेली, वडील थकलेत, मी बघते. ट्रंक उघडली तेव्हा वाटलं, १२ वर्षांत कुणी एकदाही 'हा ४०चा होईल तेव्हा' असा विचार केलेला नाही. मणी ओवणे १० वर्षं. त्याला अनोळखी माणसासमोर कपडे काढायचे नाहीत हे शिकवलेलं नाही, औषधाची गोळी स्वतः घ्यायला शिकवलेलं नाही. १८ पूर्ण झाली की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे जावं लागतं (नॅशनल ट्रस्ट कायदा, १९९९), हे आम्हाला तो ३०चा झाल्यावर कळलं. पालकसभेला भावंडांनाही बोलवा. पुढची ५० वर्षं आमच्याकडे असणार आहेत.

स्पष्टवक्ता | ७ जुलै, रात्री ११.१५

बोट ठेवण्याचं मागे घेतो. वाचतोय.

गोदाकाठची | २७ जुलै, रात्री १०.२०

धागा वर आणतेय, सांगण्यासारखं आहे.

खडूफळांचं ऐकून मी फुलस्केपवर त्याचा एक अख्खा दिवस लिहिला, सकाळी साडेसहापासून. ध्येय वगैरे काही नाही, नुसतं काय झालं ते. शनिवारी शाळा सुटताना बाईंना दिला, म्हटलं, रांग नसेल तेव्हा वाचा. सोमवारी त्यांचाच फोन आला. म्हणाल्या, "ताई, तो नळापाशी उभा राहतो हे तुम्ही जूनमध्ये असं सांगितलंच नव्हतं." नव्हतंच सांगितलं. मी फक्त 'तांब्याने शिकवा' म्हटलं होतं.

मग आम्ही दोघींनी मिळून फोटोंचं केलं. माझी पैज होती की तो क्रिकेट उचलणार. बाईंची पैज चित्रकला. त्याने चारही दिवस घंटागाडी उचलली. रोज सकाळी गाडीचं गाणं वाजलं की गॅलरीत धावतो हे मला माहीत होतं, पण कचऱ्याची बादली खाली कुणी न्यायची यात त्याला रस असेल हे डोक्यातसुद्धा आलं नाही. आता ओला-सुका वेगळा करणं आणि जिना उतरून बादली देणं हे त्याच्या कागदावर आहे. शाळेत दोन रंगांच्या बादल्या आल्यात. सासूबाई नाराज आहेत, "आपल्या घरचं पोर कचरा का नेईल". त्यांचं मन वळायला वेळ लागेल. त्यात मी त्यांना दोष देत नाही, स्पेशल मुलांना लोक तशीच कामं देऊ करतात हे त्यांनी पाहिलंय. पण गाडीवाले दादा त्याला नावाने हाक मारतात आणि त्यासाठी हा साडेसहाला स्वतः उठतो.

आणि तांब्या. मला वाटलं होतं सोपं आहे. बाईंनी टप्पे पाडले तर नऊ निघाले: झाकण काढ, झाकण ठेव, तांब्या बुडव, उचल, मोरीशी ये, एका हाताने वाकव, दुसरा हात भिजव, हात बदल, तांब्या पालथा घाल. नळाखाली दोन्ही हात एकमेकांवर चोळता येतात, तांब्याने एकच हात मोकळा राहतो, म्हणजे मुळात वेगळंच काम आहे ते. आपण आयुष्यभर करतो, कधी लक्षात आलंय? तो अडकतो दुसऱ्या टप्प्याला. झाकण काढलं की ते कुठे ठेवायचं ते कळत नाही, हातात धरूनच तांब्या बुडवतो. मग यांनी पिंपाला खिळा मारून झाकणाला दोरी बांधली. टप्पे आठ झाले.

खडूफळा | २७ जुलै, रात्री १०.४५

दोरी! १९ वर्षांत सुचली नाही. तांब्या कसला घेतलाय? पितळी असेल तर जड पडेल, डाउन सिंड्रोमच्या मुलांचं मनगट लवकर थकतं, स्नायू सैल असतात.

गोदाकाठची | २७ जुलै, रात्री १०.५२

आधी पितळीच होता, सासूबाईंचा. मग अर्ध्या लिटरचा स्टीलचा घेतला. तो आता शाळेतच असतो, बाईंनी त्यावर नेलपॉलिशने त्याचं नाव घातलंय. घरी तसाच दुसरा आणला. गडबड एवढीच की घरच्यावर नाव नाही, तर तो रोज उलटसुलट करून शोधतो. उद्या नेलपॉलिश आणते.